रतामाच्या झुडपाखाली

शास्त्रपाठ : १ राजे १९:१-८, मार्क ५:१-२०, याकोब ५:१३-१६



मंगळवारी किंवा शनिवारी लोधीखेड्याहून सौसरकडे जाणाऱ्यास जामसावळीला निघालेली कुटुंबे भेटतात. तेथील हनुमानाच्या निद्रिस्त मूर्तीपुढे पुष्कळ जण आपले आजारी माणूस घेऊन येतात. कोणी रात्रभर बडबडतो, कोणी महिनोन्महिने बोलतच नाही. घरच्यांच्या मते त्यास ‘बाहेरचे’ लागलेले असते. आपण ख्रिस्ती लोक हे पाहून मान हलवतो. पण हेच दुखणे आपल्या घरी आले म्हणजे आपण काय करतो?

आम्हांस एक प्रसंग ठाऊक आहे. मंडळीतील एका तरुण भावास आवाज ऐकू येऊ लागले, झोप उडाली. नागपूरच्या डॉक्टरांच्या औषधाने तो सावरला, पुन्हा शेतावर जाऊ लागला. पुढे एका प्रार्थनासभेत त्यास सांगण्यात आले की, गोळी घेणे म्हणजे विश्वास उणा असणे. त्याने गोळ्या सोडल्या. काही आठवडे तो बरा दिसला, तेव्हा ती साक्ष म्हणून सांगितली गेली. दुसऱ्या महिन्यात तो घर सोडून गेला. तीन दिवसांनी सापडला. त्या साक्षीला टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्हीही होतो, हे लिहिणे आम्हांस भाग आहे.

असे का झाले ते शिक्षकांनी समजून घ्यावे. या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि ती सोडल्यावर आजार बहुधा लगेच उलटत नाही. मधल्या दिवसांत बरे वाटते, व त्याचे श्रेय भलत्याच गोष्टीस जाते.

आता एलीयाकडे पाहा. कर्मेलवर एवढा मोठा विजय मिळवलेला हा संदेष्टा दुसऱ्याच अध्यायात रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतो. त्याचा विश्वास उणा होता असे कोण म्हणेल? देवदूत त्यास रागावत नाही, उपदेशही करीत नाही. झोपू देतो, निखाऱ्यांवरची भाकर व पाणी देतो, पुन्हा झोपू देतो. होरेबावरील संभाषण त्यानंतरचे. आपण बहुतेक वेळा होरेबापासूनच आरंभ करतो, आणि भाकर राहून जाते.

मार्कच्या पाचव्या अध्यायात बेड्या घातल्या त्या गावकऱ्यांनी. प्रभूने त्या मनुष्यास त्याचे नाव विचारले, व शेवटी आपल्या घरच्यांकडे पाठवले. बेड्यांची गोष्ट जुनी झाली असे समजू नये. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण सुटू न शकल्याने जळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णास साखळीने बांधण्यास मनाई आहे, मग ते घर असो वा प्रार्थनास्थळ.

याचा अर्थ श्रद्धेचा उपयोग नाही असा नव्हे. २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तामिळनाडूतील एका मंदिरात राहिलेल्या ३१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. औषधावाचूनही त्यांची लक्षणे सुमारे २० टक्क्यांनी कमी झाली होती. आप्त सोबत, वातावरण शांत, कोणी हिणवत नाही, याचा तो गुण असे संशोधकांचे मत पडले. गुजरातेत उनावा येथील दर्ग्यात तर ‘दवा व दुवा’ एकत्र चालतात. मुजावर आलेल्या रुग्णास तेथेच डॉक्टरांकडे पाठवतात. (मुजावरांस जे जमले ते आमच्या पंचमंडळास का जमू नये?)

याकोब वडीलमंडळीस प्रार्थनेबरोबर तेल लावावयास सांगतो, आणि त्या काळी तेल हे औषधही होते. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासून आहे. लोधीखेड्याहून तेथे जाऊन परत येण्यात एक दिवसाची मजुरी जाते. घरात एकटी आई असेल तर ती दुसऱ्या खेपेला जात नाही. तेव्हा भेटीस जाणाऱ्या वडिलांनी प्रार्थना करून उठण्यापूर्वी पुढची तारीख कोणती, गोळ्या किती उरल्या, सोबत कोण जाणार, एवढे विचारावे. टेलिमानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक मंडळीच्या फलकावर लिहावा.

वर्गात विचारण्यासाठी :

१. देवदूताने एलीयास प्रथम काय दिले? दुसऱ्यांदा काय दिले?

२. आपल्या मंडळीत कोणी कित्येक रविवार आलेले नाही? त्यांच्या घरी शेवटी कोण गेले होते?