शहराच्या पोटातील इतिहास

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, नाणी आणि किल्ले डोळ्यांसमोर येतात. शहराच्या पोटातून वाहणारे गटार कोणी साधन मानत नाही. वस्तुतः एखादा समाज कोणाच्या श्रमावर उभा आहे, हे त्याच्या गटाराइतके स्पष्टपणे क्वचितच दुसरे काही सांगते.

मोहेंजोदडो येथील विटांची झाकलेली गटारे आपण वर्गात शिकवतो. आधुनिक भुयारी गटारांना मोठी चालना लंडनमध्ये मिळाली. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने पार्लमेंटचे सभासद हैराण झाले, तेव्हा जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याच्या योजनेला मंजुरी मिळाली. मुंबईपुढील प्रश्न अधिक बिकट होता. सात बेटे जोडून झालेल्या या शहराचा बराच भाग सखल. म्हणून मैलापाणी वरळीच्या लव्हग्रोव्ह येथे पंपाने उचलून समुद्रात सोडावे लागले.

भुयारी गटाराचे शास्त्र समजण्यास सोपे आहे. पाणी उताराने वाहते. उतार कमी पडला की गाळ बसतो. त्यामुळे गटार जसजसे पुढे जाते तसतसे खोल जाते आणि अखेर चर खणणे अशक्य होऊन बोगदा खणावा लागतो. जुन्या विटांच्या गटारांचा छेद अंड्यासारखा, खाली निमुळता असे. त्यामुळे पाणी थोडे असले तरी त्याचा वेग टिकून राहत असे.

अभियंत्यांनी हा उतार काटेकोरपणे मोजला. परंतु तुंबलेल्या गटारात कोणी उतरायचे, हा प्रश्न त्यांच्या आराखड्यात नव्हता. त्याचे उत्तर जातिव्यवस्थेने आधीच ठरवून ठेवले होते.

हे उत्तर नाकारण्यासाठी संघटना हवी, हे ओळखून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ साली मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभारला. १९४९ मध्ये मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी बर्वे समिती नेमली. १९५५ मध्ये केंद्राने तिच्या प्रमुख शिफारशी सर्व राज्यांकडे पाठविल्या. गटारांमुळे डोक्यावरील मैल्याची पाटी कमी होत गेली, हे खरे. पण तोच माणूस मॅनहोलमध्ये उतरविला गेला. तेथे साचणारा हायड्रोजन सल्फाइड वायू अतिशय घातक असतो. त्याचे प्रमाण वाढले की घ्राणशक्तीच बधिर होते. वास येत नाही, म्हणून धोका नाही असे वाटते आणि माणूस कोसळतो. त्याला वाचविण्यासाठी उतरलेलाही तेथेच पडतो.

२०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना गटार वा सेप्टिक टँकची धोकादायक सफाई करवून घेणे हा गुन्हा ठरविला. पहिल्याच गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपयांची भरपाई ठरविली. २०२३ मध्ये ती तीस लाखांवर नेली. तरीही मृत्यू थांबलेले नाहीत.

आपल्या यवतमाळ, पुसद, वणी येथील कित्येक घरांखाली सेप्टिक टँक आहेत. टँक भरला की स्वस्तात उतरणारा माणूस शोधला जातो. माजी विद्यार्थ्यांनो आणि पालकहो, अशा वेळी यंत्राच्या गाडीचे पैसे मोजा. गाडी मिळत नसेल तर नगरपरिषदेकडे लेखी मागणी करा. आपल्यापैकी जे अभियंते आणि अधिकारी झाले आहेत, त्यांनी प्रत्येक आराखड्यावर सही करण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : हे साफ कोण करणार, आणि कसे?