फोन इंटरनेटवर नेण्याआधी

आमचा आंब्याचा धंदा रत्नागिरीजवळच्या एका वाडीतून चालतो. बाग आणि पॅकिंगची शेड इथे, धाकटा भाऊ वाशी मार्केटात, तर पुण्यात घरोघरी पेट्या पोचवणारा भाचा. गिऱ्हाईक मात्र एकाच नंबरावर फोन करतं. तांब्याच्या तारेवरचा लँडलाइन होता तेव्हा तो फक्त शेडमध्ये वाजायचा. माणसं बागेत असली की ऑर्डर गेली. फायबर आल्यावर तो बंद करून आम्ही फोन इंटरनेटवर नेला. आता शेडमध्ये कोणी उचलला नाही तर तोच कॉल वाशीला वाजतो, तिथेही नाही तर पुण्यात. कोणाचा कॉल हुकला ते तिघांच्या मोबाइलवर दिसतं. हापूसच्या ऐन हंगामात ही सोय केवढी मोठी आहे, हे हा धंदा करणाऱ्याला सांगायला नको.

घरातही तेच. आमची वाडी खोलगट जागी, भिंती जाड जांभ्या चिऱ्याच्या. मोबाइलला रेंज म्हणून नाही. वाय-फाय कॉलिंग सुरू केल्यापासून वडिलांच्या साध्या मोबाइल नंबरावर घरात बसून बोलता येतं. त्याला वेगळं अ‍ॅप लागत नाही, वेगळे पैसे पडत नाहीत. बऱ्याच जणांच्या फोनमध्ये ही सोय असते, फक्त सेटिंगमध्ये ती चालू केलेली नसते.

मग एका मे महिन्यात वळीव आला. झाडं तारांवर पडली आणि संध्याकाळीच लाईट गेली. घरातले दिवे-पंखे इन्व्हर्टरवर चालू होते, पण फायबरचा डबा लावलेला प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर नव्हता. त्याबरोबर शेडचा फोन गेला, वाय-फाय गेलं आणि वडिलांचा मोबाइलही मुका झाला. रात्री त्यांना धाप लागली. घरात इतके फोन असून १०८ लावायला एकही चालत नव्हता. पुतण्या मोटरसायकल काढून भर पावसात सड्यावर गेला, तिथे रेंज मिळाली तेव्हा रुग्णवाहिका निघाली. वडील बरे झाले. पण ती रात्र आठवली की वाटतं, जोडणी करताना कोणीतरी एक वाक्य तरी सांगायला हवं होतं.

ते वाक्य असं. जुन्या लँडलाइनला लागणारी सुमारे ४८ व्होल्टची वीज एक्स्चेंजमधून त्याच तांब्याच्या तारेतून यायची, आणि एक्स्चेंजला बॅटऱ्या असायच्या. म्हणून गावात काळोख असला तरी रिसिव्हर उचलला की डायलटोन यायचा. फायबर काचेचं, त्यातून प्रकाश येतो, वीज येत नाही. भिंतीवरच्या डब्याला तुमच्या घरची वीज लागते. ती गेली की त्यावरचे सगळे फोन गेले.

उपाय महाग नाही. राउटरसाठीचे छोटे यूपीएस बाजारात मिळतात. डब्याच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते पाहूनच घ्या. बहुतेकांना १२ व्होल्ट लागतात. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींची सोय करा, एकट्या राउटरला वीज देऊन काही होत नाही. आणि फायबर देणाऱ्या केबलवाल्याला स्पष्ट विचारा, की तुमची जोडणी गावात जिथून येते तिथे बॅटरी आहे का, किती तास चालते. तिथली वीज गेली तर तुमचा यूपीएस असून उपयोग नाही. म्हणूनच जिथे घरात किंवा अंगणाच्या कोपऱ्यात थोडी जरी रेंज मिळते, तिथे ती रेंज देणाऱ्या कंपनीचं सिम घालून एक साधा फोन चार्ज करून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून १०८ किंवा ११२ लागत नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना आजच सांगा.

धंद्यासाठी दुसरी गोष्ट याहून कमी महत्त्वाची नाही: नंबर कोणाच्या नावावर आहे? ओळखीच्या एका काजूवाल्याने इंटरनेटवरचा नंबर भाड्याने घेतला आणि तोच डब्यांवर, टेम्पोवर, बिलबुकावर छापला. सेवा देणारी कंपनी गुंडाळली गेली आणि नंबरही गेला. मोबाइल नंबर पोर्ट करता येतो, लँडलाइनच्या नंबरांना आपल्याकडे ती सोय नाही. मोठ्या कंपनीचं नाव असलं म्हणून निर्धास्त राहू नये. २००३ साली सुरू झालेलं स्काइप मायक्रोसॉफ्टने ५ मे २०२५ रोजी बंद केलं. आम्ही आता पेटीवर आमच्याच नावावरचा मोबाइल नंबर छापतो आणि त्याचे कॉल इंटरनेटच्या नंबराकडे वळवतो. उद्या सेवा बदलली तरी पेटी बदलावी लागणार नाही.

आवाज तुटतो अशी तक्रार आली की लोक जास्त वेगाचा प्लॅन घेतात. एका कॉलला सेकंदाला १०० किलोबिटही पुरतात. वेगापेक्षा लाइन स्थिर हवी. शेडमधून कोणी आंब्याचे व्हिडिओ चढवत असेल तर त्याच वेळी बोलणं तुटतं. टेबलावरचा फोन वाय-फायऐवजी केबलने जोडा, निम्मा त्रास तिथेच संपतो. परदेशी कॉलची गरज नसेल तर ती सोय लेखी कळवून बंद ठेवा आणि सिस्टिमचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. सोपे पासवर्ड शोधून रातोरात महागडे परदेशी कॉल करणाऱ्या टोळ्या आहेत आणि बिल आपल्या नावावर येतं. आखातात नातेवाईक असतील तर तिथले नियमही विचारून घ्या. अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलता येत नाही, तिथे बोटिमसारखी परवानगी असलेली अ‍ॅप वापरतात.

हे सगळं केल्यावर एकदा तपासून पाहा. मार्चच्या सुरुवातीला, पहिली पेटी भरण्याआधी, आम्ही शेडचा मेन स्विच मुद्दाम पाडतो. मग दुसऱ्या कंपनीच्या मोबाइलवरून आमचाच नंबर लावतो, फोन आधी शेडमध्ये आणि मग वाशीत वाजतो का ते पाहतो, आणि यूपीएस किती वेळ तग धरतो ते घड्याळ लावून डब्याशेजारी भिंतीवर लिहून ठेवतो. त्या वेळात दरवर्षी थोडी घट होते. फारच घटला की बॅटरी बदलतो.