पोटातला गोळा: कोला कधी, ऑपरेशन कधी

मटण पचवणाऱ्या जठराला केस मात्र पचत नाही. तो केराटिनचा असतो आणि त्यावर पाचकरसांची मात्रा चालत नाही. शिवाय गुळगुळीत असल्यामुळे पुढे सरकायचं सोडून तो जठराच्या घड्यांत अडकून राहतो. केस उपटून गिळण्याची सवय असलेल्या मुलींच्या पोटात (रुग्ण बहुतेक किशोरवयीन मुलीच असतात) असे केस साचत जातात आणि जठराच्याच आकाराचा, घाण वासाचा गोळा बनतो. केस सोनेरी असले तरी आम्लामुळे गोळा काळा पडतो. त्याचं शेपूट लहान आतड्यात उतरलं, तर त्याला लांब केसांच्या परीकथेतल्या नायिकेवरून 'रपुन्झेल सिंड्रोम' म्हणतात. वैद्यकीय नियतकालिकात हे नाव १९६८ साली आलं.

घरच्यांना वाटतं, मुलगी जेवताना नखरे करते. दोन घास खाल्ले की तिचं पोट भरतं, वजन उतरतं, रक्त कमी होतं. डोक्यावर विरळ केसांचा चट्टा दिसला, तर तो डॉक्टरांना जरूर दाखवावा; मुली स्वतःहून सांगत नाहीत. मोठा गोळा दुर्बिणीतून सहसा निघत नाही, पोट उघडावंच लागतं. टाके निघाल्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणं टाळलं, तर गोळा पुन्हा होऊ शकतो. रागावून ही सवय सुटत नाही.

फळं-भाज्यांच्या चोथ्याच्या गोळ्याची गोष्ट वेगळी. जठराची शस्त्रक्रिया झालेले, मधुमेहामुळे जठर मंदावलेले, दात नसल्यामुळे नीट न चावणारे यांना त्याचा धोका जास्त. पर्सिमॉन हे फळ त्यासाठी कुप्रसिद्ध. आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातलं ते. त्यातलं टॅनिन आम्लात घट्ट होतं.

अशा गोळ्यावर चक्क कोका-कोला चालतो! २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात ४६ रुग्ण होते. निम्म्यांचा गोळा नुसत्या कोलाने विरघळला. दुर्बिणीतून फोडण्याची जोड मिळालेले धरले, तर यश ९० टक्क्यांवर गेलं. पर्सिमॉनचा गोळा मात्र जास्त चिवट, आणि केसांवर कोलाचा काहीच उपयोग नाही.

तरी हा घरगुती उपाय नव्हे. अर्धवट विरघळलेला तुकडा आतड्यात जाऊन अडकू शकतो, म्हणून गोळा कशाचा आहे हे आधी दुर्बिणीने किंवा सीटी स्कॅनने ठरवावं लागतं. पोट फुगलं, हिरवट उलट्या होऊ लागल्या, वारा सरणंही बंद झालं, तर कोला नको, एरंडेल नको, खाणंपिणं थांबवून त्याच तासाला रुग्णालय गाठावं.