पेटीतले नवे सामान पावसाआधी एकदा उघडून पाहा

मृग लागायला आता फार दिवस नाहीत. विहिरीवरचे डिझेल इंजिन कोठीत येईल आणि पाऊस बरा झाला तर रब्बीपर्यंत त्याला कोणी हात लावणार नाही. त्याच कोठीत बहुतेकांकडे एक पत्र्याची पेटीही असते. तिच्यात कधीतरी आणून ठेवलेला लायनर-पिस्टन, रिंगा, एक-दोन बेअरिंग, ऑइल सील, हेड पॅकिंग आणि नोझल असे सामान असते. वापरले नाही म्हणजे ते नवेच, असे आपण धरून चालतो. मग ऐन पाण्याच्या पाळीला ते बसवतो, आठ दिवसांत तेल गळू लागते आणि दोष मिस्त्रीच्या माथी जातो. खरी खराबी बऱ्याचदा पेटीतच झालेली असते.

बीड आणि पोलाद नुसते पडून झिजत नाही. त्याला बाधते ती ओल. हवेतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर गंज भराभर चढतो, आणि पावसाळ्यात कोकणात व घाटमाथ्यावर ती दिवसचे दिवस 80-90 टक्के असते. म्हणून कारखान्याचा तेलकट कागद फाडू नये. फाटलाच असेल तर रिंग उजेडात धरून फिरवावी. वरवरचा तांबूस थर स्वच्छ डिझेलच्या फडक्याने निघून गेला तर रिंग चांगली आहे. पुसल्यावरही काळे ठिपके राहिले आणि त्यात नख अडकले तर ती बसवू नये, ती लायनर ओरखडेल. लायनरच्या आतल्या अंगालाही हीच परीक्षा लावावी.

बेअरिंगला उघड्या बोटांनी हात लावणे टाळावे. घामातल्या मिठाने धावेवर बोटाच्या ठशाएवढा गंज धरतो आणि पुढे तिथूनच आवाज सुरू होतो. बेअरिंग आडवे ठेवावे, आणि चालत्या मोटारीच्या किंवा गिरणीच्या शेजारी ठेवू नये. सततच्या हादऱ्याने गोळ्या एकाच जागी घासून धावेवर खुणा पाडतात. नोझलची सुई आणि तिचे घर ही जुळवलेली जोडी असते. दोन नोझल एकदम धुवायला घेतले आणि सुया बदलल्या तर दोन्ही वाया जातात. जुन्या नोझलमधले जपणुकीचे तेल चिकट झालेले असते, म्हणून बसवण्यापूर्वी ते स्वच्छ डिझेलमध्ये धुवावे आणि सुई आपल्या वजनाने सरकते का ते पाहावे.

लोखंड जपता येते, पण रबर जपूनही म्हातारे होतेच. रबरी सामानाच्या साठवणुकीचे आयएसओ 2230 हे आंतरराष्ट्रीय मानक नैसर्गिक रबराला 5 वर्षे, ऑइल सीलच्या नेहमीच्या नायट्राइल रबराला 7 आणि व्हायटॉनला 10 वर्षे अशी सुरुवातीची मुदत देते. ही मुदत अंधाऱ्या, कोरड्या आणि 25 अंशांच्या आतल्या जागेसाठी आहे. आपल्या पत्र्याच्या कोठीत मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, तेव्हा यातली बरीच वर्षे वजा धरावीत. मोटारीच्या ठिणग्या आणि वेल्डिंग यांतून निघणारा ओझोन वायूही रबराला चिरा पाडतो. सील हातात घेऊन त्याची ओठासारखी कड अंगठ्याने मागे वाकवावी. कड लगेच जागेवर आली नाही, किंवा वाकलेल्या जागी केसासारख्या चिरा दिसल्या, तर सील टाकून द्यावे. पट्टे आणि ओ-रिंगा खिळ्याला टांगू नयेत, टांगलेल्या जागी त्यांना कायमचा पीळ पडतो. काही पाकिटांवर तयार झाल्याची तिमाही आणि वर्ष छापलेले असते, ते दुकानातच पाहून घ्यावे.

सामानाच्या जागेबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचे आहे. ब्रिटिश काळात इथल्या लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यात ठेवली की न वापरताच तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि हवेतली ओल मिळून ताण राहिलेले पितळ फोडतात, हा उलगडा 1921 मध्ये झाला. आपली कोठी बहुधा गोठ्याला लागून असते. गोठ्यात नाकाला झोंबणारा वास याच अमोनियाचा असतो. डिझेल नळीचे पितळी नट आणि फवारणी पंपाचे सांधे तिथे ठेवले तर नेमके हेच घडू शकते. त्याच कोठीत खताची पोतीही असतात. खत ओल धरते आणि त्याची धूळ लोखंडावर बसली की खाली गंज सुरू होतो. पेटी राहत्या घरात, जमिनीपासून उंच ठेवावी. एवढी एक गोष्ट केली तरी निम्मे काम झाले.

लोखंडाला जळके ऑइल चोपडण्याची आपल्याकडे सवय आहे. नांगराच्या फाळाला ते चालेल, पण बेअरिंग, रिंगा किंवा लायनरला लावू नये. त्यात आम्ल, पाणी आणि काजळी असते. तिथे नवे ऑइल किंवा ग्रीसच हवे.

इंजिन ठेवताना जॅकेटमधले पाणी पूर्ण सोडावे. डिझेलची टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे रिकाम्या जागेत दव धरणार नाही. सिलिंडरमध्ये दोन चमचे स्वच्छ ऑइल सोडून हँडलने सावकाश फेरे द्यावेत आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील अशा जागी ते थांबवावे. सायलेन्सरचे तोंड बांधून घ्यावे. दर आठवड्याला पाच मिनिटे चालू करून बंद करणे हितापेक्षा अपायाचे आहे. इंजिन पुरते तापत नाही आणि जळणातून तयार झालेले पाणी ऑइलमध्ये उतरते. चालवायचेच असेल तर अर्धा तास भार देऊन चालवावे. ब्रशकटर आणि पेट्रोलवरच्या फवारणी पंपाची टाकी मात्र रिकामी करावी आणि कार्बोरेटरमधले पेट्रोल जळून संपेपर्यंत यंत्र चालवावे. हल्लीच्या पेट्रोलमधले इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते.

खरेदीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. रिंगा, लायनर, नोझल हे सवलतीत मिळाले तर घेऊन ठेवावे. सील, पट्टे आणि बॅटरी लागेल तेव्हाच आणावी. बॅटरी पडून राहिली की आपोआप उतरते आणि उतरलेल्या अवस्थेत तिच्या प्लेटा कायमच्या निकामी होतात. प्रत्येक पाकिटावर आणल्याचा महिना आणि वर्ष ठळक लिहावे. पेटी पुन्हा तपासायला खंडेनवमीचा दिवस धरावा. अवजारे त्या दिवशी बाहेर निघतातच, आणि काही बदलायचे असेल तर रब्बीच्या पहिल्या पाण्याआधी ते आणायला वेळ मिळतो.