द्राक्ष निर्यातीचा हंगाम : पॅलेटची तपासणी आत्ताच उरकून घ्या

ऑक्टोबर छाटणीच्या बागा सध्या मणी फुगवणीच्या अवस्थेत आहेत. विरळणी झाली, डिपिंग झाले; आता महिन्याभरात मण्यांत पाणी उतरेल आणि जानेवारीपासून युरोपसाठी कंटेनर भरायला सुरुवात होईल. दिंडोरी, निफाडपासून तासगावपर्यंतच्या बागायतदारांचे लक्ष या दिवसांत डाऊनी, भुरी आणि उर्वरित अंशाच्या अहवालाकडे लागलेले असते, आणि ते बरोबरच आहे. पण ज्या लाकडी पॅलेटवर पेट्या रचून माल तीन-चार आठवड्यांच्या समुद्रप्रवासाला निघतो, ते पॅलेट बहुतेक ठिकाणी लोडिंगच्या आदल्या दिवशी, मिळेल तिथून येते. वर्षभर जपलेला माल अशा पॅलेटपायी बंदरावर अडकू शकतो. हे टाळणे पूर्णपणे आपल्या हातात आहे, मात्र त्याची वेळ डिसेंबरची आहे. स्वतःचे पॅकहाऊस चालवणारे बागायतदार, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि निर्यातदाराला माल देणारे शेतकरी, या सर्वांनी पुढील बाबी पाहून ठेवाव्यात.

नियम दोन, तपासण्याही दोन

पॅलेटला दोन वेगवेगळे नियम लागू होतात आणि त्यांची गल्लत फार होते.

पहिला नियम वनस्पती संगरोधाचा. कच्च्या लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाते. चीनमधून लाकडी वेष्टनांतून गेलेला लांब शिंगांचा भुंगेरा १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या झाडांवर सापडला. पाइन झाडे वाळवणारा सूत्रकृमी १९९९ मध्ये पोर्तुगालमध्ये आढळला. अशा घटनांमुळे २००२ मध्ये ‘आयएसपीएम १५’ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. त्यानुसार साल काढलेले लाकूड तापवून किंवा धुरी देऊन निर्जंतुक करावे लागते आणि त्यावर ठरावीक शिक्का मारावा लागतो.

दुसरा नियम अन्नसुरक्षेचा. अन्न ज्यावर ठेवतात, ज्यातून नेतात ते स्वच्छ, कोरडे, वासरहित आणि रसायनमुक्त असले पाहिजे, अशी अपेक्षा भारतीय अन्नसुरक्षा कायद्यात आहे, युरोपीय नियमांत आहे आणि ग्लोबलगॅपसारख्या खरेदीदारांच्या मानकांतही आहे.

शिक्का फक्त पहिल्या नियमाची पूर्तता सांगतो. शिक्क्याचे पॅलेट बुरशीने भरलेले असू शकते, त्यावर पूर्वी कीटकनाशकाचे कॅन वाहिलेले असू शकतात. म्हणून शिक्का वाचल्यावर काम अर्धेच झाले असे समजा.

शिक्का कसा वाचावा

पॅलेट कडेवर उभे करून बाजूच्या ठोकळ्यांवर पाहा. चौकटीत डावीकडे गव्हाच्या ओंबीचे चिन्ह, मध्ये उभी रेघ आणि उजवीकडे देशाचा संकेत, प्रक्रिया करणाऱ्या केंद्राचा क्रमांक व प्रक्रियेचा संकेत असतो. भारताचा संकेत ‘आयएन’. ‘एचटी’ म्हणजे उष्णता प्रक्रिया : लाकडाच्या गाभ्याचे तापमान सलग ३० मिनिटे किमान ५६ अंश सेल्सिअस राखलेले. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी. हा वायू ओझोन थराला घातक असल्याने त्याचा वापर कमी करण्याकडे जगाचा कल आहे. खरेदी करताना ‘एचटी’च मागा.

शिक्का स्पष्ट, न पुसला जाणारा आणि शक्यतो समोरासमोरच्या दोन बाजूंवर हवा. हाताने काढलेला, कागदी चिकटपट्टीवरचा किंवा लाल-नारिंगी रंगातला शिक्का दिसला तर पॅलेट बाजूला काढा. लाल आणि नारिंगी रंग धोकादायक मालाच्या लेबलांसाठी वापरतात, म्हणून ते टाळायचे असतात.

सालीकडेही लक्ष द्या. ३ सेंटीमीटरपेक्षा कमी रुंदीची सालीची पट्टी चालते. त्याहून रुंद तुकडा असेल तर त्याचे क्षेत्रफळ ५० चौरस सेंटीमीटरपेक्षा कमी असावे. लाकडात छिद्रे आणि त्याखाली ताजा भुगा दिसला, तर शिक्का कितीही ठळक असो, ते पॅलेट पॅकहाऊसच्या आवारातही ठेवू नका.

दुरुस्त केलेले पॅलेट

तुटलेली फळी बदलून पॅलेट पुन्हा वापरता येते, पण कोणतीही फळी ठोकून चालत नाही. बदललेली फळीसुद्धा प्रक्रिया केलेली आणि शिक्क्याची हवी. एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग बदलला असेल तर ते पॅलेट नव्याने बनवलेले मानले जाते : जुने शिक्के पूर्ण खोडून, पुन्हा प्रक्रिया करून नवा शिक्का घ्यावा लागतो. गावातल्या सुताराकडून दोन फळ्या बदलून घेतलेले पॅलेट स्थानिक बाजारासाठी चालेल. निर्यातीसाठी ते नियमभंगच ठरते.

हाच नियम कंटेनरमधल्या टेकूंनाही लागू आहे. पॅलेट हलू नये म्हणून शेवटच्या क्षणी बाभळीचा तुकडा किंवा जुनी पाचर खाली सारली जाते. त्या एका तुकड्यावर शिक्का नसला तरी तपासणीत संपूर्ण कंटेनर अडू शकतो. टेकूसाठी शिक्क्याचे लाकूड किंवा प्लायवूड आधीच आणून ठेवा. कागदी कोपरपट्ट्या, प्लायवूड आणि ६ मिलिमीटरपेक्षा पातळ लाकूड यांना या मानकातून सूट आहे.

ओल आणि बुरशी

उष्णता प्रक्रिया झालेले लाकूड कोरडे असतेच असे नाही. ओल्या लाकडाचा गाभा तापवला तरी ओल आत राहते, आणि असे पॅलेट एकावर एक रचून ताडपत्रीखाली ठेवले की काही दिवसांत त्यावर करडी-हिरवी बुरशी चढते. यंदा अवकाळीचा एखादा शिडकावा किंवा सकाळचे दाट दवही त्यासाठी पुरेसे आहे.

म्हणून पॅलेट घेताना ओलावामापकाने तपासा. हे पिनांचे छोटे यंत्र असते. फळीच्या मध्यभागी आणि ठोकळ्यात टोचून पाहावे. ओलावा २० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर बुरशीचा धोका बराच घटतो. गठ्ठ्यातले वरचे पॅलेट तपासून समाधान मानू नका, मधले आणि तळाचे काढून तपासा.

साठवण पत्र्याच्या शेडमध्ये, सिमेंटच्या कोब्यावर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून करावी. मध्ये हवा खेळती राहिली पाहिजे. उंदीर, पाली, पक्षी यांना प्रवेश नको. पक्ष्यांची विष्ठा ही अन्नसुरक्षा तपासनीसाच्या नजरेत सर्वांत आधी भरणारी गोष्ट आहे. जुना माल आधी वापरला जाईल अशी रचना ठेवा.

वास ही गंभीर बाब

पॅलेटचा वास मालाला लागतो आणि तो जात नाही. २०१० च्या जानेवारीत अमेरिकेत टायलेनॉल या प्रसिद्ध वेदनाशामक गोळ्यांसह अनेक औषधे बाजारातून परत घ्यावी लागली. ग्राहकांची तक्रार कुबट, बुरशीसारख्या वासाची होती. काहींना मळमळ आणि पोटदुखी झाली. कारण सापडले ते लाकडी पॅलेटमध्ये. लाकूड टिकवण्यासाठी वापरलेल्या ट्रायब्रोमोफिनॉल या रसायनापासून ट्रायब्रोमोॲनिसोल तयार होते, आणि त्याचा वास अत्यल्प प्रमाणातही नाकाला कळतो. बंद बाटलीतल्या गोळीला जे झाले, ते छिद्रांच्या पेटीतल्या द्राक्षांना व्हायला वेळ लागणार नाही.

त्यामुळे पुरवठादाराकडून लेखी घ्या की लाकडाला ब्रोमीन किंवा क्लोरीनयुक्त फिनॉलचे परिरक्षक लावलेले नाही. ब्लीचिंग पावडर लाकडी पॅलेटवर वापरू नका. क्लोरीन आणि लाकडातली फिनॉल द्रव्ये एकत्र आली की क्लोरोफिनॉल तयार होऊ शकते आणि बुरशी त्याचे तशाच कुबट वासाच्या द्रव्यात रूपांतर करते. लाकडी पॅलेट घासून, दाबाच्या हवेने साफ करा. धुवावेच लागले तर पिण्यायोग्य पाण्याने धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवा.

तपासण्याची साधी पद्धत अशी : नव्या खेपेतले चार-पाच पॅलेट रात्रभर बंद खोलीत ठेवा आणि सकाळी दार उघडताच आत जाऊन वास घ्या. कुबट, डिझेलचा, मासळीचा किंवा औषधाचा वास आला तर खेप परत करा.

वाळवीचे औषध आणि उर्वरित अंश

हा मुद्दा बागायतदारांनी विशेष ध्यानात घ्यावा. शेडमध्ये वाळवी दिसली की क्लोरपायरीफॉस ओतण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. युरोपने २०२० मध्ये या कीटकनाशकाची द्राक्षातली मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम प्रतिकिलोवर आणली. म्हणजे एक टन द्राक्षात १० मिलिग्रॅम. बागेत हे औषध वर्षभर हातातही घेतले नाही, प्रयोगशाळेचा अहवाल स्वच्छ आला, आणि मग पॅकिंगच्या जागी पॅलेटमधून ते मालाला लागले, तर दोष बागेच्या माथी येतो आणि प्लॉटची नोंदणीही अडचणीत येते.

पॅलेटच्या शेडमध्ये, त्याच्या जोत्याभोवती किंवा पॅलेटवर कोणतेही कीटकनाशक वापरू नका. फवारणी पंप, खतांच्या गोणी, डिपिंगची द्रावणे, डिझेलचे कॅन यांची जागा वेगळी ठेवा. भंगारातून आलेले, आधी काय वाहिले हे माहीत नसलेले पॅलेट स्वस्त मिळाले तरी निर्यातीच्या मालाखाली घालू नका.

खिळे, फळ्या आणि थंड हवा

वर आलेला खिळा तळाची पेटी फाडतो, मणी फुटतात, रस गळतो आणि कुज तिथून पसरते. पॅलेटवरून हात फिरवून पाहणारा एक माणूस हातमोज्यांसह नेमा. खिळे ठोकून घ्या, कुसळे घासून काढा. लाकडाचा तुकडा पनेटमध्ये सापडणे ही खरेदीदाराच्या दृष्टीने गंभीर तक्रार असते.

पेटी आणि लाकूड यांच्यामध्ये अखंड प्लास्टिक अंथरण्याची चूक मात्र करू नका. रीफर कंटेनरमध्ये थंड हवा जमिनीच्या खाचांतून येते आणि पॅलेटच्या फळ्यांमधून, पेट्यांच्या छिद्रांतून वर चढते. खालची वाट बंद झाली की प्रीकूलिंगमध्ये मिळवलेली थंडी टिकत नाही, आतल्या पेट्या तापतात आणि घाम धरतात. थर द्यायचाच असेल तर अन्नयोग्य, छिद्रांचा द्या, आणि छिद्रे पेटीच्या छिद्रांशी जुळतात का ते एक पॅलेट रचून बघा.

४० फुटी रीफरमध्ये १००० बाय १२०० मिलिमीटरचे साधारण २० पॅलेट बसतात. त्यातले एक जरी नियमात बसले नाही, तरी प्रक्रिया, नाश किंवा परत पाठवणी यांचा निर्णय होईपर्यंत उरलेल्या मालाचेही दिवस जातात. द्राक्षासाठी ते दिवस फार महाग असतात.

प्लास्टिक पॅलेट घ्यावे का?

प्लास्टिकला आयएसपीएम १५ लागू नाही, ते धुता येते, ओल धरत नाही. पॅकहाऊसच्या आत, म्हणजे माल उतरवणे, प्रतवारी आणि शीतगृह यांच्या फेऱ्यांसाठी ते उत्तम आहे. परदेशी गेलेले पॅलेट परत येत नसल्याने निर्यातीसाठी ते महाग पडते. ज्यांना जमेल त्यांनी आतल्या कामासाठी प्लास्टिक आणि पाठवणीसाठी नवे लाकडी, अशी विभागणी ठेवावी. आतल्या कामाचे जुने लाकडी पॅलेट कंटेनरमध्ये जाणार नाही यासाठी त्यावर वेगळ्या रंगाची ठळक खूण करा.

नोंदवही

प्रत्येक खेपेची नोंद अशी ठेवा : पुरवठादाराचे नाव, आल्याची तारीख, नग, शिक्क्यावरील केंद्राचा क्रमांक, प्रक्रिया प्रमाणपत्राचा क्रमांक, ओलाव्याचे आकडे, नाकारलेले नग व कारण, तपासणाऱ्याची सही. शिक्क्याचा फोटो प्रमाणपत्राला जोडा. ग्रेपनेटमुळे पेटीचा माग प्लॉटपर्यंत जातो. पॅलेट कार्डावर खेपेचा क्रमांक लिहिला की लाकडाचा मागही तसाच पुरवठादारापर्यंत नेता येतो. तक्रार आल्यावर हीच वही तुमच्या बाजूने बोलते.

आतापासूनचे वेळापत्रक

• डिसेंबरचा पहिला पंधरवडा : हंगामाची गरज मोजून मान्यताप्राप्त प्रक्रिया केंद्राकडे मागणी नोंदवा. आयातदाराकडून पॅलेटचे माप लेखी घ्या.
• दुसरा पंधरवडा : शेड रिकामी करून झाडा, छप्पर दुरुस्त करा, उंदरांच्या वाटा बुजवा, रसायने हलवा.
• जानेवारीच्या सुरुवातीला : पहिली खेप तपासा, शिक्का, साल, ओल, वास, खिळे या क्रमाने.
• प्रत्येक लोडिंगआधी : दिवसाउजेडी पॅलेट निवडून ठेवा. रात्रीच्या घाईत बॅटरीच्या उजेडात शिक्का नीट वाचता येत नाही.

निर्यातदाराला माल देणाऱ्या शेतकऱ्यांनीही करार करताना पॅलेट कोण पुरवणार, कोण तपासणार आणि त्यापायी माल नाकारला गेल्यास नुकसान कोणाचे, हे तीन प्रश्न विचारून उत्तरे करारात लिहून घ्यावीत. काढणी सुरू झाली की हे विचारायला सवड मिळत नाही आणि विचारले तरी ऐकणारा कोणी नसतो; त्यामुळे ही बोलणी याच महिन्यात पूर्ण करा.