जत्रेतले जुलाब आणि राखून ठेवायची औषधे

रामनवमी जवळ आली की पोहरादेवीच्या वाटा भरून जातात. तेलंगण, कर्नाटकापासूनची बंजारा कुटुंबे संत सेवालाल महाराजांच्या दर्शनाला येतात. चैत्राचे ऊन, कुठलेही पाणी, उघड्यावरचा बर्फ; कुणाला ना कुणाला जुलाब लागतातच. मग मेडिकलमध्ये ‘पॉवरची गोळी’ मागितली जाते आणि बरेचदा ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी हाती पडते. दोन गोळ्यांत बरे वाटले की उरलेले पाकीट पुढच्या आजारासाठी पिशवीत जाते.

मंडळी, पाण्यासारखे साधे जुलाब बहुधा विषाणूंमुळे होतात. त्यांवर ही गोळी चालत नाही. ते आपोआप थांबतात, श्रेय मात्र गोळीला मिळते. जीव धोक्यात येतो तो अंगातले पाणी आणि क्षार गेल्यामुळे. म्हणून ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा आणि घोट घोट पीत राहा. बाळाचे अंगावरचे दूध तोडू नका. लहान मुलांना डॉक्टरांनी दिलेले झिंक पूर्ण 14 दिवस द्या, जुलाब आधी थांबले तरी.

ऑफ्लॉक्सासिनचा मला एवढा घोर का? त्याचीच सख्खी भावंडे, लेव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन, नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या टीबीवर आम्हाला लागतात. एकाला सरावलेला जंतू बहुधा दुसऱ्यालाही दाद देत नाही. छातीत टीबी दडलेला असताना ही औषधे वरचेवर घेतली, तर तो काही काळ दबतो, निदान लांबते आणि जंतू निर्ढावतो. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी 2011च्या अखेरीस असे चार रुग्ण नोंदवले, ज्यांचा टीबी तपासलेल्या एकाही औषधाला बधत नव्हता. त्यांपैकी तिघांना आधी निरनिराळ्या खासगी डॉक्टरांकडून राखीव औषधे विस्कळीतपणे, अनेकदा चुकीच्या मात्रेत मिळाली होती. तेव्हा दोष रुग्णांच्याच माथी मारणे अन्यायाचे आहे.

तांड्यावरून ऊसतोडीला, बांधकामावर जाणाऱ्यांनो, टीबीचा उपचार चालू असेल तर निघण्याआधी आरोग्य केंद्रात सांगा. ‘निक्षय’ या सरकारी टीबी-नोंदणीमुळे मोफत औषध कामाच्या गावीही मिळण्याची सोय करता येते. खोकला थांबला म्हणून गोळ्या थांबवू नका.

जुलाबात रक्त पडले, ताप चढला, लघवी कमी झाली, डोळे खोल गेले किंवा बाळ सुस्त पडले तर मात्र थेट दवाखाना गाठा. तिथे प्रतिजैविक लागेलही. ते चिठ्ठीवर लिहिले तितके दिवस घ्या आणि पाकिटावर लाल रेघ असलेली कोणतीही गोळी शेजाऱ्याला देऊ नका.