खुराड्यात सकाळी मेलेली कोंबडी दिसली तर

शिंदखेडा तालुक्यात बहुतेक घरी खुराड्याचे दार पहाटे बाईच उघडते. बेटावद असो, चिमठाणे असो की नरडाण्याजवळची एखादी वस्ती, दार उघडल्यावर एखादी कोंबडी आडवी पडलेली दिसली की तिचा हात आपोआप पुढे जातो. पाय धरायचा, उचलायची आणि उकिरड्यावर नाहीतर बुराईच्या पात्रात टाकून यायचे. पुढची कृती त्या हातासाठी लिहिली आहे.

आपल्या भागाला हे नवे नाही. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. सुरत-भुसावळ मार्गावरची जी गाडी नवापूरला थांबते तीच पुढे नंदुरबार, दोंडाईचा करत शिंदखेड्याला येते, इतके ते जवळ आहे. तिथे आजार मोठ्या पोल्ट्री फार्मांत होता. महिनाभरात तो जळगाव जिल्ह्यात मारूळ, हातेड अशा गावांत निघाला आणि तिथे परसातल्या कोंबड्या मरत होत्या. फार्मवर निदान कामगार असतात, फाटक असते, नोंदवही असते. परसात कोंबडी चुलीपाशी येते, पोर तिला उचलून घेते, शेजारणीच्या अंगणातही ती दिवसभर फिरते. म्हणून माणसाला धोका कुठे जास्त, असे मला कुणी विचारले तर मी परसाकडे बोट दाखवीन.

आधी शंका कधी घ्यायची ते पाहू. वर्षाकाठी एखादी कोंबडी मुंगसाने धरली, मेच्या उन्हाने गेली, तर घाबरायचे कारण नाही. पण दोन दिवसांत दोन-तीन मेल्या, किंवा एक मेली आणि बाकीच्या पंख पाडून कोपऱ्यात बसल्या, तर ती शंकेची वेळ. तुरा आणि गळ्याखालच्या लोंबत्या निळ्या-जांभळ्या पडतात. डोके, पापण्या सुजतात. नाकातून पाणी येते, पातळ हगवण लागते, पायांच्या नळीवर रक्ताळलेले डाग दिसतात. अंडी एकाएकी बंद होतात किंवा मऊ कवचाची पडतात. कधी यातले काहीच दिसत नाही. रात्री दाणे टिपलेली कोंबडी सकाळी मेलेली असते. गावात कावळे किंवा तापीच्या अडवलेल्या पाण्यावर बदके मरून पडलेली कुणी पाहिली असतील तर शंका दुप्पट धरावी. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला आधी कावळेच पडायला लागले होते.

इथे हमखास एक वाक्य ऐकू येते: “काही नाही, मानमोडी आहे.” मानमोडी म्हणजे राणीखेत. तोही विषाणूचाच आजार, तोही खुराडे रिकामे करतो, पण माणसाला त्याने फार तर डोळे येण्यापलीकडे काही होत नाही. अडचण अशी की राणीखेत आणि बर्ड फ्लू नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत. नवापूरलाही सुरुवातीला राणीखेतच समजले गेले होते. फरक प्रयोगशाळाच सांगते. आणि हा शब्द माणसांनाही लागलेला आहे. १९१८ च्या फ्लूच्या साथीला आपल्या आज्या-पणज्यांनी मानमोडीच म्हटले होते. त्या साथीच्या विषाणूचे पक्ष्यांच्या फ्लूशी जवळचे नाते होते, हे जनुकांचा अभ्यास झाल्यावर कळले. तेव्हा मानमोडी म्हटले म्हणून निश्चिंत होऊ नये.

शंका आली की पहिले काम म्हणजे हात मागे घेणे. मेलेल्या कोंबडीला उघड्या हाताने शिवू नका. पोरांना, कुत्र्या-मांजरांना घरात घ्या. जिवंत कोंबड्या बाहेर सुटल्या नसतील तर खुराड्यातच राहू द्या. सुटल्या असतील तर दाणे टाकून आत बोलवा, मागे धावून पकडू नका. धावपळीत पिसे आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ उडते, आणि नाका-डोळ्यांत जाणारी हीच धूळ धोक्याची. म्हणूनच खुराडे त्या दिवशी झाडायचे नाही. आपल्या बायांना अंगण झाडल्याशिवाय चैन पडत नाही हे ठाऊक आहे, तरी त्या दिवशी केरसुणी बाजूला राहू द्या.

दुसरे काम सगळ्यांत अवघड आहे आणि याच्यावर मी जरा थांबणार आहे. बाकीच्या कोंबड्या मलूल झालेल्या दिसतात. घरातला कुणीतरी म्हणतो, मरण्याआधी कापून घेऊ, निदान वाया तरी जाणार नाही. पाच-सहा कोंबड्या म्हणजे एका बाईची वर्षाची स्वतःची कमाई, पोरीच्या वह्या, जत्रेचा नवसाचा कोंबडा. ती अशी मातीत घालवायला जीव होत नाही, आणि यात कुणाला दोष देण्यासारखे काही नाही. पण जगभरात माणसाला हा आजार झाला त्यातल्या कितीतरी जणांनी आजारी पक्षी कापला होता, सोलला होता, पिसे उपटली होती. शिजलेल्या मटणापेक्षा धोका कापण्यात आहे. सुरी चालते तेव्हा रक्त, लाळ, आतड्यातली घाण हातावर आणि तोंडावर उडते. गरम पाण्यात बुडवून पिसे काढताना वाफेबरोबर ते नाकाजवळ येते. त्यामुळे आजारी कोंबडी कापायची नाही, विकायची नाही, “घेऊन जा, तुम्ही खाता ना” म्हणून कुणा गरीब माणसाच्या हातात द्यायची नाही. आठवडे बाजारात नेली तर आपल्या खुराड्याचा आजार दहा गावांच्या खुराड्यांत जातो.

मांजरालाही टाकू नका. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. वाघाला जे सोसले नाही ते दारातल्या मांजराला सोसेल असे मानू नये.

तिसरे काम, कळवणे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. फोन लागला नाही तर सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांच्यापैकी कुणालाही सांगा आणि सांगितल्याची वेळ लिहून ठेवा. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा २००९ चा केंद्रीय कायदा मालकावर आणि ग्रामपंचायतीवरही ही जबाबदारी टाकतो. अशा रोगाने मेलेले जनावर नदीत, तलावात, कालव्यात टाकणे हाही याच कायद्याने गुन्हा आहे. फोनवर चार गोष्टी नीट सांगा: एकूण कोंबड्या किती, किती आणि कधीपासून मेल्या, राणीखेतची लस दिली होती का, गेल्या पंधरा दिवसांत नवी कोंबडी कुठून आणली. मेलेली कोंबडी पिशवीत घालून स्वतः दवाखान्यात नेऊ नका. डॉक्टर येऊन नमुने घेतात, ते पुण्याच्या रोगनिदान प्रयोगशाळेकडे आणि पक्क्या निदानासाठी भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जातात.

पुष्कळ घरे कळवत नाहीत, कारण “सांगितले तर सगळ्याच मारून टाकतील.” भीती खरी आहे. निदान पक्के झाले की साधारण एक किलोमीटरच्या आतले कोंबड्या-बदके असे पाळीव पक्षी मारले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाहणी होते. पण सरकारी भरपाई मिळते ती जिवंत असताना नोंद होऊन मारलेल्या पक्ष्यांची, नष्ट केलेल्या अंड्यांची आणि खाद्याची. आधीच आजाराने मेलेल्या कोंबडीचे पैसे मिळत नाहीत. लपवून चार दिवस काढले तर कोंबड्याही जातात आणि भरपाईही. पहिल्याच दिवशी सांगणारी बाईच यात कमी नुकसानीत राहते. हे कुणी तिच्या ओट्यावर बसून शांतपणे सांगायला हवे. गाडीतून उतरून दटावणाऱ्याचे ऐकून कोण खरे बोलेल?

डॉक्टर नमुने घेऊन गेल्यावर, किंवा त्यांनी फोनवर “पुरून टाका” असे सांगितले तर, पुढची कामे एकाच मोठ्या माणसाने करावीत. गरोदर बाई, दम्याचा किंवा साखरेचा आजार असलेला माणूस, म्हातारे आणि लहान मूल यांनी मुळीच नाही. नाक-तोंड मास्कने झाका. मास्क नसेल तर उपरणे किंवा ओढणीची तीन-चार पदरी घडी घट्ट बांधा, ती मास्कइतकी चालत नाही, पण उघड्या तोंडापेक्षा बरी. डोळ्यांवर चष्मा किंवा गाडी चालवतानाचा गॉगल. हातमोजे नसतील तर दोन्ही हातांत जाड प्लास्टिकच्या पिशव्या घालून मनगटाशी दोरीने बांधा. पूर्ण बाह्यांचे जुने कपडे, पायात धुता येतील अशा चपला किंवा गमबूट.

मेलेल्या कोंबडीवर आधी साबणाचे पाणी हलकेच शिंपडा, म्हणजे धूळ बसते. मग ती एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. खड्डा विहीर, बोअर आणि नाल्यापासून लांब, कुत्र्यांना उकरता येणार नाही इतका, म्हणजे निदान तीन फूट खोल. तळाला चुना, कोंबडीवर चुना, वर माती, त्यावर दगड किंवा बाभळीच्या काट्या. फुटकी अंडी, उरलेले दाणे, खुराड्यातला भुसा सगळे त्याच खड्ड्यात.

खुराडे धुताना क्रम चुकवू नका. आधी सगळे ओले करायचे, मग विष्ठा फावड्याने ओढून काढायची, साबणाच्या पाण्याने घासायचे आणि शेवटी ब्लीचिंग पावडरचे पाणी मारायचे. विष्ठेच्या थरावर नुसती पावडर भुरभुरली तर खाली विषाणू तसाच राहतो. दहा लिटरच्या बादलीला साधारण ३०० ग्रॅम पावडर पुरते. ती उघड्यावर कालवा आणि संडास धुण्याच्या ऍसिडमध्ये कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. हा विषाणू साबणालाही मरतो, ही गरिबाच्या बाजूची गोष्ट आहे. थंडी मात्र त्याला मानवते: विष्ठेत ४ अंशाला तो महिन्याहून जास्त टिकल्याचे दिसले आहे, ३७ अंशाला सहा दिवस. धुळ्याकडची डिसेंबर-जानेवारीची थंडी आठवा, म्हणजे हा आजार हिवाळ्यात का डोके काढतो ते कळेल.

काम संपल्यावर पिशव्या आतून बाहेर उलटत काढा, हात साबणाने कोपरापर्यंत धुवा, मग मास्क काढा, पुन्हा हात धुवा. कपडे वेगळे, गरम पाण्यात साबण घालून भिजवा. अंघोळ करूनच घरात या आणि मगच पोराला जवळ घ्या.

आता माणसाकडे. कोंबडीला हात लावलेल्या, खुराडे धुतलेल्या प्रत्येकाने शेवटच्या संपर्कापासून दहा दिवस स्वतःकडे लक्ष ठेवावे. ताप, खोकला, घसा दुखणे, डोळे लाल होणे, दम लागणे, कधी जुलाब. यातले काही झाले तर मेडिकलवरून गोळी आणून दिवस काढू नका. शिंदखेड्याचे ग्रामीण रुग्णालय गाठा, दम लागत असेल तर धुळ्याचे हिरे वैद्यकीय महाविद्यालय, आणि दारातच सांगा, “आमच्या कोंबड्या मेल्या, मी त्या उचलल्या होत्या.” हे वाक्य डॉक्टरला सांगितले नाही तर समोरचा ताप त्याला नेहमीचाच वाटणार. ऑसेलटॅमिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर सर्वांत चांगले काम करते, म्हणून वेळ महत्त्वाची. आशाताईला नावे देऊन ठेवा, ती रोज चौकशी करील.

हा ताप वरून किती साधा दिसतो ते मेळघाटाने दाखवले आहे. २०१९ मध्ये तिथल्या एका कोरकू गावातल्या १७ महिन्यांच्या बाळाला पक्ष्यांच्याच फ्लूचा एच९एन२ हा सौम्य प्रकार झाला होता. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेची गावोगाव पाहणी चालू होती म्हणून तो उजेडात आला. बाळ बरे झाले. कोंबड्या मारणारा एच५एन१ हा प्रकार मात्र सौम्य नाही. जुलै २०२१ मध्ये हरियाणाचा ११ वर्षांचा मुलगा दिल्लीच्या एम्समध्ये त्याने दगावला. जगात २००३ पासून नोंदलेले रुग्ण नऊशेच्या वर आहेत आणि त्यातले जवळजवळ निम्मे वाचले नाहीत. दुसरी बाजूही सांगायला हवी: तो माणसाला सहज लागत नाही, माणसाकडून माणसाला तर क्वचितच. नवापूरला २००६ मध्ये लोकांचे नमुने पुण्याला तपासले गेले, एकातही तो सापडला नाही. पण लागण झालेला प्रत्येक माणूस विषाणूला बदलायची एक संधी देतो, आणि ती संधी आपल्या खुराड्यातून मिळू नये असे मला मनापासून वाटते.

खाण्याबद्दल थोडक्यात. निरोगी कोंबडी आणि अंडे पूर्ण शिजवून खायला हरकत नाही. ७० अंशाला विषाणू मरतो आणि आपला रस्सा त्याच्या कितीतरी वर उकळतो. कच्चे अंडे दुधात फेटून पिणे तेवढे सोडा, आणि मटण कापलेल्या पाटावर धुतल्याशिवाय कांदा चिरू नका.

रिकाम्या खुराड्यात पशुवैद्यकीय अधिकारी हो म्हणेपर्यंत नवी पिले आणायची नाहीत. आणली की तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली, वेगळ्या भांड्यात दाणापाणी. पाणवठ्यावर उतरणाऱ्या बदकांपाशी त्यांना सोडू नका. पिलांच्या वयाच्या पहिल्या आठवड्यात राणीखेतची लासोटा लस डोळ्यात थेंब टाकून द्या आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास पुढची टोचून घ्या. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुन्हा कधी कोंबडी मेली आणि फोन करावा लागला, तर पलीकडून ती विचारली जाईल.